सोमवारपर्यंत

डॉक्टर कुंकळ्येकर कागदावर माझा गळा काढतात,
निळ्या पेनानं, घाईघाईत,
शाळकरी पोरानं काढलेल्या शंखासारखा.
इथे, म्हणतात, आणि पेन एका जागी टेकवून ठेवतात.
शाई पसरत जाते.

स्वरयंत्र काढून टाकायचं. मानेला भोक,
श्वास तिथून, आवाज नाही.
नाहीतर सात आठवडे किरणं.
आवाज कदाचित राहील,
आजारही कदाचित.
"सोमवारपर्यंत सांगा, मेस्त."

मेस्त. एकेचाळीस वर्षं कुडतरीच्या इगर्जेत
माडीवर उभा राहून पोरांना दो-रे-मी दिलं.
बेडकासारखं नको रे, तोंड असं उघड
जसं घरट्यातलं पिलू उघडतं.
त्यांतले काही आता बोटींवर वाजवतात,
एकजण लिस्बनला टॅक्सी चालवतो आणि गातो म्हणे.

बांबोळीहून परतताना फुलांच्या खुरसापाशी
एर्मेलिंदनं व्हॅन थांबवली.
दोन मेणबत्त्या लावल्या.
दोन कशाला?
"एक तू हो म्हणालास तर. एक नाही म्हणालास तर."
दोन्ही विझल्या.
तिनं काडी पुन्हा ओढली, तळहाताचा आडोसा केला.
"खूण-बीण काही नाही," म्हणाली, "वारा आहे."

शेजारची कोन्सेसांव तेलाची बाटली घेऊन आली.
विश्वास असेल तर सुरी कशाला, मेस्त?
माझा आवाज त्या दिवशी
फाटक्या भात्यातून यावा तसा.
म्हटलं, बाये, माझ्या विश्वासाची दाढ दुखली
तेव्हाही मडगावला जाऊन उपटावी लागली होती.
तेल मात्र ठेवून घेतलं. रात्री गळ्याला लावलं.

पाद्री फेलिसियान माझ्याच हाताखालचा,
सूर कायम अर्धा खाली.
मला वाटलं, काहीतरी सांगेल.
"मलाही कळत नाही, मेस्त,"
आणि माझ्याशेजारी बाकावर बसून राहिला
सांजेची घंटा होईपर्यंत.

झोप नाही. लूकचं शुभवर्तमान उघडलं.
जखऱ्या. धूप, देवदूत, शंका, आणि वाचा गेली.
पाटी मागून घेतली त्यानं, मुलाचं नाव लिहिलं.
मी कुठे शंका घेतली होती?
मग आठवलं: दर पवित्र शुक्रवारी,
दिवे मालवल्यावर, क्रुसाखाली मी एकटा गायचो,
लोक रडायचे,
आणि मी ऐकत असायचो तो मलाच.
हे कुठल्याच कुमसारात सांगितलेलं नाही.
शिक्षा नव्हे ही. शिक्षा करायचीच असती
तर एकेचाळीस वर्षं कोण थांबलं असतं?
पण ऐकणारा तेव्हा तिथे होता,
माझ्या आवाजाच्या मागे कुठेतरी, ताटकळत,
हे मात्र त्या रात्री पक्कं कळलं.

मुलगा फोनवर म्हणतो, पप्पा, रेकॉर्ड करून ठेवा काहीतरी.
लॅटिनमधलं एखादं.
मी केलं: "एर्मेलिंद, दार उघड, मासळी आणलीय."
तीनदा केलं. तिसरं बरं आलं.

रविवारी वाड्यावरच्या खुरसापाशी लदाईन.
मे महिना, उकडलेले चणे, फेणीचा वास.
व्हायोलिन खांद्याला लावलं, किरियेला तोंड उघडलं,
आत नुसती खरखर.
तेव्हा मागून पेरपेतनं सूर धरला,
तीस वर्षांपूर्वी ज्याला मी
बेसूर म्हणून माडीवरून खाली पाठवला होता.
अजूनही बेसूर. पण दणकट.
सगळे त्याच्यामागून चालले.
मी गज ओढत राहिलो
आणि प्रत्येक संताच्या नावानंतर
नुसते ओठ हलवले.
प्रार्थना झाली. माझी मोजली गेली की नाही
हे विचारायला मी वर पाहिलं नाही.

सोमवारी सही केली.
डॉक्टर म्हणाल्या, काही विचारायचंय?
बोलता येत होतं अजून, पण सवय व्हावी म्हणून
कागदाच्या पाठीवर लिहिलं:
त्या भोकातून श्वास घेताना शिट्टी वाजते का?
त्या हसल्या. "वाजते, कधीकधी."

कुठल्या पट्टीत, ते विचारायचं राहून गेलं.